साऱ्या पृथ्वीचा आकडा

कंधारजवळ फवारणीचा ड्रोन उडवणारा तो माणूस मला एकदाच भेटला. पृथ्वीचं चुंबकत्व किती खवळलंय, याचा आकडा त्यानं आधी मोबाइलवर बघितला. ते खवळलं की ड्रोनची दिशा चुकते. आकडा कमी होता, म्हणजे सारं शांत. तरी त्यानं खुरपणाऱ्या बायांना लांब बांधावर धाडलं.

"आकडा बरा हाय की! भुताला भितो का?" शेताचा मालक हसला.

"मालक, तो साऱ्या पृथ्वीचा हाय. ह्या वावराचं कोण मोजून राहिलंय?"

सरासरीत माणसं गाडली जातात, हे मी शेतमजुरांच्या सभेत ओरडून सांगतो. इथं मात्र मीही दोन पावलं मागं सरकलो.

वारा नव्हता. ड्रोन उठला, आपोआप वळला आणि बाया आधी खुरपत बसल्या होत्या तिथंच, डोक्याइतक्या उंचीवर, पाती गरगरवत थांबला. त्यानं रिमोट खाली ठेवून रिकामे हात आम्हाला दाखवले.