पोर्सेलीनवर नाव घालून मिळेल

नकाशा-कचेरीतून निवृत्त झालेल्या श्रीधर पुंडे यांच्या कसबा पेठेतील दोन खोल्यांत एक काचेचे कपाट होते, आणि कपाटात पोर्सेलीनचे सहा कप. जपानात अरिता येथे चार वर्षे चाकावर हात बसवून परतलेल्या नीरजा खरे यांनी ते पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आपल्या भट्टीत भाजले होते. पलीकडच्या बोटाची सावली दिसावी इतके तासून पातळ केलेले. श्रीधररावांच्या मते कप ही पाहण्याची वस्तू होती; त्याला ओठ लावणे हा प्रमाद.

आता त्यांना नीरजाबाईंचा निळसर पांढरा वाडगा हवा होता. त्यासाठी झोप उडाली होती. नीरजाबाईंची अट एकच: जो वापरील, त्यालाच. खात्री करायला रविवारी त्या वाडगा घेऊन स्वतःच येणार होत्या.

श्रीधररावांनी आयुष्यातला पहिला खोटा आराखडा आखला. कप ट्रेमध्ये मांडले आणि पत्नीला बजावले, "विचारलं तर म्हण, रोज ह्यातच चहा घेतो."

"म्हणते की," उल्काबाई म्हणाल्या. "त्यात काय!"

नीरजाबाईंनी चहा संपवला आणि कुंभाराच्या सवयीने कप उलटा केला. तळाच्या बिनझिलईच्या चकतीवर टिंबाटिंबांनी कोरले होते: सौ. उल्का श्री. पुंडे, १०-१-९८.

श्रीधररावांनी उरलेले पाचही उलटे केले. पाचांवर तेच.

"हे कुणी केलं?"

"दादामियाँनी. भांड्यांवर नावं घालतात ते."

"पोर्सेलीनवर?"

"अहो, भांडं घराबाहेर जाणार, तर नाव नको? संक्रांतीला शेजारच्या शकीलाकडे तिळगूळ ह्यातूनच गेला. तुम्ही सकाळी वाचनालयात गेलात, की आमचा दोघींचा चहाही ह्यातच."

श्रीधररावांना प्रथम घेरी आली. मग, का कोण जाणे, हसू. "मी एकदाही प्यायलो नाही हो," ते नीरजाबाईंना म्हणाले. "खोटं बोलणार होतो."

हसून ओले झालेले डोळे पुसत नीरजाबाईंनी पिशवीतून वाडगा काढला. "हा वहिनींचा."

उल्काबाईंनी तो विसळला, ताकाने भरला आणि नवऱ्यापुढे धरला. श्रीधरराव प्यायले. मिशीला ताक तसेच ठेवून, धुतलेला वाडगा उराशी धरून ते दादामियाँकडे धावले.

"दोघांचं नाव घाला!"

दादामियाँनी तळ निरखला. "एकाचंच बसेल, राव."

"मग तिचंच घाला," श्रीधरराव म्हणाले. "पण जरा ठळक."