सौ., श्रीमती आणि सान

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या लायब्ररीत सरला गेली होती ती इंग्लिश शिकायला. मुलानं, परीक्षितनं, तिला दाराशी सोडलं आणि मीटिंग आहे म्हणून गाडी वळवून तो गेला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, त्यातल्या नेमक्या चुकीच्या खोलीत ती शिरली. आत टेबलाभोवती चार माणसं बसली होती आणि एक बारीक चणीची, पांढऱ्या केसांची बाई फळ्यावर काहीतरी गिरवत होती. बाईनं हसून नाव विचारलं. सरलानं सवयीनं सांगितलं, "परीक्षित मदर."

"नो, नो. युअर नेम," बाई म्हणाली.

आता खरं तर सांगायला हवं होतं अहिल्या. पासपोर्टवर तेच आहे. लग्नात मनोहररावांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं तेच लिहिलं होतं. आधी विचारलंबिचारलं नव्हतं, तेव्हा कोण विचारतंय! गंमत म्हणजे एवढ्या हौसेनं ठेवलेलं नाव त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नाही. घरात "अगं, ऐकलंस का", आणि चारचौघांत "आमची ही". पुढे ती परीक्षितची आई झाली, अमेरिकेत आल्यावर वीरची आजी झाली आणि मराठी मंडळातल्या यच्चयावत लोकांची काकू. पण त्या दिवशी त्या बाईनं विचारलं आणि तोंडातून निघालं ते माहेरचं नाव.

"सरला."

"सरला-सान," बाई किंचित वाकून म्हणाली आणि तिनं रिकामी खुर्ची दाखवली.

इथे जपानी शिकवतात हे सरलाला बसल्यावर कळलं. कळल्यावरही ती उठली नाही.

"आई, जपानी?" परतताना परीक्षित गाडीत म्हणाला. "पटेलच्या दुकानात जपानी बोलणार आहेस का? इंग्लिश शिक, कामाला येईल."

"इंग्लिशवाले मला मिसेस म्हणतील," सरला म्हणाली. "मिस्टर कुठे आहेत आता?"

परीक्षितनं रेडिओ लावला.

शिकवणाऱ्या तानाबेबाईंना सगळे तानाबे-सेन्सेई म्हणत. सेन्सेई म्हणजे गुरुजी, बाईंनाही तेच. पुढच्याच तासाला सरलानं उभं राहून ठसक्यात ओळख करून दिली, "वाताशी वा सरला-सान देसु." मी सरला-सान. वर्ग खो खो हसला. आपल्याकडे फोनवर "मी कुलकर्णीकाकू बोलतेय" म्हणण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, त्यातलीच ही सवय. सेन्सेईंनी समजावलं, की सान म्हणजे आपल्या 'जी'सारखं, ते स्वतःच्या नावाला कधी लावायचं नसतं. ते दुसऱ्यानं लावायचं. आपण नुसतं नाव सांगायचं आणि थांबायचं. एरवी तिकडे ते आडनावाला लावतात म्हणे, पण आडनावही मनोहररावांचंच, तेव्हा "मला आपलं नावालाच लावा" असं सरलानं सांगून टाकलं.

तिला हे सान फार आवडलं, कारण त्याला नसत्या चौकशा नसतात. बाई की बुवा, लग्न झालंय की नाही, नवरा आहे की गेला, काही म्हणून विचारत नाही. सौ.चं तसं नव्हतं. मनोहरराव गेल्यावर नागपूरच्या घरी जी पहिली लग्नपत्रिका आली तिच्यावर सौ. जाऊन श्रीमती आलं होतं. हातातल्या बांगड्या उतरवाव्यात तसं कुणीतरी ते परस्पर उतरवून ठेवलं होतं. ती त्या दिवशी रडली नाही, चिडली. अजूनही चिडलेलीच आहे.

मंडळानं पाडव्याला ज्येष्ठांचा सत्कार ठरवला तेव्हा सेक्रेटरी राजीव घरी आला. चहा झाला, चिवडा झाला.

"काकू, स्टेजवर असं अनाउन्स करतो. श्रीमती अहिल्या मनोहर पिंपळापुरे, आपल्या परीक्षितच्या मातोश्री. ओके ना?"

"नाही. सरला म्हण."

"सरला कोण?"

"मी."

राजीवनं परीक्षितकडे पाहिलं. परीक्षितनं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"बरं, मग श्रीमती सरला..."

"श्रीमती नको."

"काकू, नुसतं नाव कसं घेणार? रिस्पेक्ट नको का?"

"तुझ्या नावाआधी काय लावतात रे?"

"श्री."

"उद्या तुझी नैना तुला सोडून गेली, तर?"

"काकू, काहीही काय! तरी श्रीच राहणार ना."

"बघ. आणि माझा नवरा गेला हे मात्र दर वेळी माइकवरून सांगायचं. रिस्पेक्टच हवा असेल तर सरला-सान म्हण."

"भारी आहात तुम्ही, यार," म्हणत राजीव हसत निघून गेला. तो विसरणार हे सरलानं तेव्हाच ओळखलं.

"आई, लोक हसतील," परीक्षित म्हणाला. "बाबांचं नाव असं गाळायचं?"

"बाबांचं नाव बाबांपाशी आहे. माझंच माझ्यापाशी नाही. माझ्या नावानं बोलावलं तर जाईन, नाहीतर उठणार नाही."

सून प्रीता डिशवॉशर रिकामा करत होती. तिच्या लग्नात नाव बदलायचं निघालं होतं, तेव्हा मनोहररावांसमोर "तिचं नाव चांगलं आहे, तेच राहू दे" म्हणणारी एकटी सरला होती. दोघींनाही ते ठाऊक होतं.

पाडव्याला शाळेचा हॉल गच्च भरला. राजीवनं माइक हातात घेतला. "श्रीमती अहिल्या मनोहर पिंपळापुरे, आपल्या परीक्षितच्या मातोश्री!"

टाळ्या झाल्या. सरला मांडीवर पर्स घेऊन बसून राहिली. राजीवनं पुन्हा, मोठ्यानं पुकारा केला.

"काकूंना ऐकू येत नाही वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"ऐकू येतंय," सरला म्हणाली. "माझं नाव येऊ दे."

"आई, प्लीज. सगळे बघतायत."

"बघू देत."

म्हणाली खरी, पण या वयात भर सभेत हट्ट धरून बसायचं म्हणजे चेष्टा नाही. कुणीच हाक मारली नाही तर? मग इथेच बसेन, तिनं ठरवलं. कार्यक्रम संपेपर्यंत बसेन आणि तशीच घरी जाईन, पण दुसऱ्या कुणाच्या नावाची शाल मी घेणार नाही.

मागे जेवणाच्या टेबलाशी प्रीता श्रीखंड वाढायला उभी होती. डाव हातात घेऊनच ती मधल्या वाटेनं पुढे आली.

"राजीवदादा, त्यांचं नाव सरला आहे. तुम्हाला सांगितलं होतं त्यांनी." मग ती सासूकडे वळली. "सरला-सान, या."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. राजीवनं हातातला कागद खिशात कोंबला.

"तर... सरला-सान."

सरला उठली. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले नाहीत. शाल घेतली, नारळ घेतला. राजीवनं माइक पुढे केला. "दोन शब्द बोला."

"मी सरला."

पुढे ती बोलेना. राजीव हळूच पुटपुटला, पण माइकनं ते हॉलभर पोचवलं. "काकू, सान राहिलं."

"ते मी नाही लावायचं," सरला म्हणाली. "ते तुम्ही लावायचं."

आणि नारळ हातात धरून, सगळ्या हॉलकडे बघत, ती थांबली.