पोलादाचा रवा

वडवणीच्या बाजारात कुऱ्हाड घेणाऱ्याची एक रीत होती. पात्यावर कानस घासायची. कानस निसटली, ओरखडा उठला नाही, म्हणजे माल खरा. निजामाच्या राज्यातली, प्लेग ओसरल्यानंतरची ती वर्षं. ही परीक्षा कोणा शहाण्याने काढली देव जाणे, पण तिच्यावरच गहिनीनाथ लोहाराचं नाव गाजलं. बीडच्या कचेरीतले शिपाईसुद्धा त्याच्याकडे येत, आणि गहिनीनाथ मिशीला पीळ देत बसे.

त्याच्या बापाची रीत वेगळी होती. लाल तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक केलं की तो ते पुन्हा मंद निखाऱ्यावर शेकायचा. धारेवर जांभळट झाक आली की बाजूला काढायचा. त्याने कडकपणा थोडा उतरतो, पण पातं चिवट होतं. मात्र अशा पात्याला कानस जराशी चावते. म्हणून गहिनीनाथने हे शेकणंच सोडून दिलं. पातं भट्टीत पांढरंफटक होऊ द्यायचं, पाण्यात बुडवायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. लोक खूश, हाही खूश.

सिदू धनगर त्याचा लहानपणापासूनचा सोबती. मेंढरांना बाभळीचा पाला पाडायला त्याने गहिनीनाथचीच कुऱ्हाड घेतली होती. पौषातल्या एका गारठ्याच्या सकाळी घाव गाठीवर बसला, पात्याचा टवका उडाला आणि सिदूचा उजवा डोळा गेला.

सिदू भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो आला नाही. त्याची बायको चतुराबाई आली. फुटकं पातं ऐरणीवर ठेवून म्हणाली, "भाऊजी, हे तुमचं. घरात ठिवू नको म्हन्तेत." आणि गेली. पुढे सिदू बाजाराला आला तरी लोहाराचं घर टाळून लांबच्या वाटेने जाई. गहिनीनाथला अन्न गोड लागेना.

तो ते पातं हातात घेऊन बसे. तुटल्या जागी जाडे, चमकणारे कण दिसत होते, फोडलेल्या खडीसाखरेसारखे. एके दिवशी त्याने बापाच्या हातची कुऱ्हाड फोडून बघायला घेतली. घणाच्या दोन-चार घावांनी ती नुसती वाकली, फुटता फुटेना. अखेर फुटली, तर आत राखाडी, पिठासारखा बारीक कण. पोलाद मात्र एकाच जातीचं.

"त्यात काय नवल?" त्याची बायको भिवराबाई म्हणाली. "लोनी एकच आसतं. कढवायची नि थिजायची रीत बदलली की तुपाचा रवा बदलतो."

बाई बरोबर बोलली. फाजील आचेने पोलादाचा रवा वाढला होता, आणि जाड रव्यातून चीर झरझर धावते. त्यात न शेकलेलं पातं काचेसारखं ताठ, घाव सोसायला जरा म्हणून वाकत नाही. कडक म्हणजे मजबूत नव्हे, एवढं त्या कानशीला कळत नव्हतं. मला त्या कानशीचा आजही राग येतो.

गहिनीनाथ बापाच्या रीतीवर आला. लाल झालं की पातं काढायचं, पाण्यात बुडवून मग शेकायचं. बाजारात कानस चावली आणि लोक म्हणाले, "गहिनीनाथचा हात गेला." गिऱ्हाईक तुटलं. त्याने कोणाला समजावलं नाही. त्याला एकच माणूस परत हवा होता.

नवी कुऱ्हाड घेऊन तो मांजरसुंब्याकडच्या माळावर गेला. सिदू मेंढरांपाशी उभा होता.

"कशापायी आलास?"

गहिनीनाथने कुऱ्हाड पुढे केली आणि बाभळीच्या गाठाळ ओंडक्यासमोर जाऊन बसला, टवका उडाला तर सरळ तोंडावर येईल असा. "हान. मी हितंच बसतो."

"ऊठ बे. मला एकच डोळा हाय. नेम चुकला म्हंजी?"

"हान म्हन्तो न्हवं!"

त्याने डोळे मिटले नाहीत. सिदूने पाय रोवले. मग घाव घातला. दुसरा, तिसरा. गाठ फुटली. सिदूने पात्यावरून अंगठा फिरवला.

"धार मुडपली की बे जराशी," तो कुरकुरला. "टवका न्हाई उडाला, पर मुडपली. फुडच्या बाजारी आनतो, नीट करून दे."

"आन," एवढंच गहिनीनाथ म्हणाला, आणि बसल्या जागी पटक्याच्या सोग्यात तोंड घालून रडला.