मागे राहिलेले फॉन्ट

मोठे दीर, म्हणजे आमचे दादा, आणि माझा नवरा यांचा रविवार कारंजा चौकाजवळ लग्नपत्रिकांचा छापखाना. नवरा गेल्यावर कॉम्प्युटरसमोरची त्याची खुर्ची मी धरली. सिन्नर-पिंपळगावपर्यंतच्या पत्रिका माझ्या हाताखालून गेल्या. मोठ्या दिरांच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिचीही पत्रिका मीच केली. दादा सांगत होते, मी टाइप करत होते. निमंत्रकांत काकू, आत्या, माम्या सगळ्या आल्या. नवऱ्याच्या नावामागे 'कै.' लागलं आणि माझं नाव आलंच नाही. विचारलं तर म्हणाले, शुभकार्य आहे, उगीच कशाला. ते मी माझ्याच बोटांनी टाइप केलं, याचा राग अजून गेलेला नाही.

ती पत्रिका छापायच्या आधीच त्यांनी नवा कॉम्प्युटर आणला. आता हे काम कुणालाही जमेल, तू घरी आराम कर, असं मला सांगितलं. जुनं मशीन भंगारात दिलं, फक्त त्याची डिस्क काढून ठेवली. पत्रिकांचं सॉफ्टवेअर स्वतःच नव्या डिस्कवर नेलं. नेलं म्हणजे काय, घरातलं सामान हलवावं तसं फोल्डर उचलून तिकडे टाकलं. ते उघडेचना. मग कुणालातरी विचारून नव्याने बसवलं. आता उघडलं, पण गणपतीच्या श्लोकापासून सगळी पत्रिका म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. दादांना वाटलं, व्हायरस.

मला फोन आला. खरं सांगते, फोन ठेवल्यावर मी हसले. आमचे जुने मराठी फॉन्ट मागेच राहिले होते, बाकी काही नाही.

छापखान्यात गेले. काउंटरवर गिऱ्हाइकं ताटकळत होती. जुनी डिस्क वायरीने जोडली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"दादा, निमंत्रकांत माझं नाव टाकायचं. आणि ते तुम्ही टाइप करायचं."

त्यांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हळूच "बरं" म्हणाले. मी फॉन्ट नव्या डिस्कवर आणले. मराठी जागेवर आलं, तशी मी उठून त्यांना खुर्ची दिली.

आमचा कीबोर्ड जुन्या मराठी टाइपरायटरच्या पद्धतीचा. बटणावर छापलेलं एक, पडद्यावर उमटणार दुसरंच. दादांनी जन्मात टाइप केलं नव्हतं. एका बोटाने माझं नाव शोधत बसले. कपाळावर घाम आला. एक अक्षर सापडेना तेव्हा त्यांनी मान वर करून मला विचारलं. मी सांगितलं नाही. चुकल्यावर मात्र सांगितलं, "खोडा, परत लिहा." देवळात कधी वाटलं नाही एवढं बरं मला तेव्हा वाटलं.

पत्रिका माझ्या नावासकट छापली, सगळ्या नातेवाइकांत वाटली गेली. पुतणीने दोनदा फोन केला. तिच्यासाठी जीव तुटला, पण लग्नाला मी गेले नाही. मांडवात येणारा प्रत्येक जण दादांना माझ्याबद्दल विचारत असेल आणि त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागत असेल, या विचाराने त्या दुपारी घरी बसून पोटभर जेवले.