दाराजवळचा खिळा

वैशाली सुधीर कुंभोजकर, आज तुझे घर मी रिकामे केले.

तू हे जग सोडून गेलीस त्याला वर्ष झाले. पुनावळ्याचा हा भाड्याचा फ्लॅट सोडून मी पिंपळे गुरवला, बहिणीच्या शेजारी राहावयास जात आहे.

मित्रहो, चाकणच्या कंपनीने वैशालीला दोन वर्षे जर्मनीस पाठवले होते. मी ताथवड्याच्या कॉलेजात शिकवत येथेच राहिलो.

तिकडे संध्याकाळ झाली की तुझा व्हिडिओ कॉल येई. मी विचारीत असे, "आज काय बातमी?"

"अहो, इथे ज्याचा वाढदिवस, केक त्यानेच आणायचा! आणि आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत. मी दिल्या. सगळं डिपार्टमेंट गप्प."

"का?"

"अपशकुन! एवढी इंजिनिअर माणसं, आणि अपशकुन! मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं."

दुसऱ्या एका दिवशी:

"मी ओव्हरटाइमला थांबू का विचारलं. मॅनेजर काळजीत पडला. म्हणे, तुला काम जास्त दिलं गेलंय का?"

रविवारी तू भिंतीत ड्रिल चालवलेस, तेव्हा शेजारीण वर आली. भांडली नाही. तिने फक्त कॅलेंडरवरच्या रविवारावर बोट ठेवले; त्या दिवशी तिकडे आवाज करायचा नसतो.

आणि परतण्याआधीची शेवटची बातमी. घर सोडताना भाडेकरूनेच खिळे काढायचे, भोके बुजवायची, भिंती पांढऱ्या करायच्या आणि मगच किल्ली द्यायची.

"आपली खूणही ठेवायची नाही? हे निष्ठुर आहे," मी म्हणालो.

"नाही हो. पुढच्या माणसाला घर नवं मिळतं."

तुझ्या नाकावर पांढरा रंग लागला होता.

म्हणून या आठवड्यात मीही भोके बुजवली. रंग दिला. घरमालक बबनराव पाहावयास आले. ही इमारत त्यांच्याच शेतात उभी आहे.

"सर, आवो हे काय? आमचा पेंटर हाय की!"

"जर्मनीत अशी पद्धत आहे."

"आसंल. पर हितं तुमाला कोन इचारतंय?"

मी ब्रश चालू ठेवला.

शेवटी दाराजवळचा एक खिळा उरला. सकाळी कंपनीची बस गाठण्याच्या घाईत आयकार्ड विसरू नये म्हणून तू तो ठोकला होतास. पक्कड हातात घेऊन मी तेथे बराच वेळ उभा राहिलो.

पद्धतीप्रमाणे तो काढणे भाग होते.

"आता कोण येणार आहे येथे?" मी बबनरावांना विचारले.

"नांदेडचं जोडपं हाय. बायको चाकनला कंपनीत लागलीया. उद्याच्याला येत्यात."

"कामावर बसने जाणार?"

"व्हय. पहाटंची शिफ्ट हाय तिची."

मी पक्कड खाली ठेवली. खिळ्याच्या भोवतीने रंग दिला.

पद्धत मोडली, वैशाली. परंतु तिला तो लागेल. ती पहिल्या दिवशी त्यावर काय अडकवील, याचे मला कुतूहल आहे. आज तुला सांगण्यासारखी बातमी एवढीच.

तुला माझा शेवटचा नमस्कार.

दार लावले. कुलूप घातले. दोन्ही किल्ल्या बबनरावांना परत केल्या.