मापटं आणि अर्धा लिटर

सासऱ्यांचं आणि माझं लग्नापासूनच पटलं नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या लासुर्ण्याच्या गोठ्यातल्या गायीनं कोवळा लसूणघास जास्त खाल्ला आणि तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. गुरांचे डॉक्टर बारामतीत होते. ते फोनवर म्हणाले, "मी येईपर्यंत अर्धा लिटर गोडं तेल पाजा."

मी तेलाचा डबा उचलला, तसे सासरे आडवे आले.

"मापटंभर पाजायचं असतंय. तुमचं लिटर-बिटर हितं चालायचं न्हाय."

"मापटं म्हणजे किती, आबा?"

"एवढं शिकलीस आन् मापटं ठावं न्हाय व्हय?"

"गाय मेली तर माझ्या नावानं बोंबलू नका," मी म्हणाले.

गाय धापा टाकत होती आणि आम्ही दोघं डबा ओढत होतो. शेवटी सासूबाईंनी तो हिसकावला. धान्य मोजायचं जुनं पितळी मापटं त्यांनी तेलानं भरलं आणि लिटरच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. तेल जवळजवळ अर्ध्यावर आलं.

"दोन्ही एकच हाय. आता भांडणं सोडा आन् तिचं तोंड धरा."

आम्ही मुकाट्यानं धरलं. डॉक्टर येईपर्यंत गाय ढेकर देऊ लागली होती. तरी सासरे पारावर सांगत सुटले, की सून गाय मारायला निघाली होती. मीही डॉक्टरांना चहा देताना म्हाताऱ्याचा हट्ट तिखटमीठ लावून सांगितला.

त्या रात्री मी त्यांचं ताट वाढलं नाही, आणि त्यांनी ते मागितलंही नाही.