टेकडीआडचं चित्र

शिरोड्याच्या बाजारातलं आमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. आता छपरावर डिशच्या छत्र्या आल्या, हातात मोबाईल आले. पण मी बांगडे घ्यायला उभी राहिले की कोणीतरी हमखास हटकतं, "वयनी, आमच्या बूस्टराची गजाल आठवता?" दुकानातलं भंगार निदान विकता तरी आलं, या गजाली, हे किस्से मात्र वाढतच चालल्यात.

तेव्हा चित्र पणजीहून हवेतून यायचं. इथवर पोचेपर्यंत त्याच्यात जीव उरायचा नाही, पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग खांबावर अँटेनाजवळ बूस्टर बसवायचा, तो दमलेल्या सिग्नलला बळ द्यायचा. हे काम आमचे हे करायचे. सगळा गाव त्यांना नाना म्हणतो. नाना खांबावर आणि मी खाली टीव्हीसमोर, चित्र आलं की 'इलां', गेलं की 'गेलां' ओरडायला.

दुकानाच्या पाटीवर ह्यांनी स्वतः रंगवलं होतं, 'चित्र येणारच'. आणि ते यायचंच! फुशारकी वाटली तर वाटू दे. एक खालची वाडी तेवढी सोडून. ती टेकडीच्या पायथ्याला, आणि टेकडी नेमकी पणजीच्या अंगाला. बाजारातले टोमणे मारायचे की नाना, एक तर पाटी उतरवा, नाहीतर टेकडी. ह्यांना ते फार लागायचं.

*

आमच्या शेजारचे तात्या बागायतदार. एकदा त्यांच्याकडे बूस्टर बसवून आलो, चित्र आरशासारखं. दुसऱ्या दिवशी निरोप, चित्र गेलं. नाना पुन्हा खांबावर चढले, सगळे सांधे तपासले, काही सापडेना.

मी सहज टीव्हीच्या मागे वाकून बघितलं. बूस्टरला वीज देणारा छोटा डबा तिथे असतो, त्याची पिनच काढलेली. तात्या शांतपणे म्हणाले, "एकदा चित्र इलां मा? मगे तो लाल दिवो फुकट कित्याक जळात?"

*

दामू मासेवाल्याला एक बूस्टर पुरेना. त्याने आम्हाला न विचारता गोव्याहून दुसरा आणला आणि पहिल्याच्या पाठीला पाठ लावून जोडला. आता बूस्टर काही निवडत बसत नाही, चित्राबरोबर कचराही वाढवतो. पहिल्याने वाढवलेला कचरा दुसऱ्याने दामदुप्पट केला.

दामू धावत दुकानात आला. "वयनी, आधी मुंगये होते, आता हुमले झाले!" ते लाल डोंगळे घालवायला ह्यांना अर्धा दिवस लागला.

*

एका गृहस्थांनी खांबाचा खर्च नको म्हणून अँटेना परसातल्या उंच माडाला बांधून घेतला. वारा नसला की झकास. वारा सुटला की माड डुलणार, आणि बातम्या सांगणारी बाई बोलता बोलता नाहीशी होणार. पुढच्या पाडणीला नारळ उतरवायला माणूस माडावर चढला आणि वरूनच ओरडला, "मालकानू, नारळ जरा कमीच धरलेत, पण अँटेना बरो धरलोसा!"

*

आता खालच्या वाडीचं सांगते. तिथल्या भजनी मंडळाचं भजन टीव्हीवर लागणार असा निरोप आला. आबा त्यांचे बुवा. आबाची आई जनाकाकी हटून बसली की झिलाचं भजन बघेन तर माझ्याच घरात. तिचे गुडघे गेलेले, टेकडी चढवत नव्हती आणि वाडीत गाडीरस्ता नव्हता. आबा म्हणाला, खुर्चीत बसवून खांद्यावरून नेतो. तर म्हणते, "जित्या माणसाक खांद्यार घेतत काय रे?" संपला विषय.

ह्यांनी तिला शब्द दिला, "काकी, चित्र तुज्याच घरात येतला." हे हरले असते तर पाटी स्वतःच काढून टाकली असती, मला माहीत होतं.

उपाय एकच होता. अँटेना टेकडीच्या माथ्यावर, देवळापाशी लावायचा आणि केबल थेट काकीच्या घरात उतरवायची. देवाच्या जागेत खांब पुरायचा म्हणजे कौल हवा. देवाने उजवा कौल दिला, म्हणजे परवानगी मिळाली. एवढ्या लांब केबलीत सिग्नल उतरताना पुन्हा दमतो, म्हणून अर्ध्या वाटेवर एका कातळावर ह्यांनी दुसरा बूस्टर ठेवला.

भजनाच्या दिवशी दुपारी चित्र स्वच्छ आलं. वाडी खूश. मग गावकरांनी, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांनी, त्याच कातळाशी उभं राहून गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, ह्या चित्राक खंयची बाधा येव देव नको. सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" आणि गावकरांनी भक्तिभावाने नारळ फोडला तो कातळावर, बूस्टरच्या बरोब्बर डोक्यावर. सगळं पाणी आत. चित्र गेलं!

दुकानात दुसरा बूस्टर शिल्लक नव्हता. मी तशीच घरी धावले, पदर खोचून आमच्याच कौलांवर चढले आमचा बूस्टर उतरवला, कातळापाशी ह्यांच्या हातात दिला आणि काकीच्या घरी टीव्हीसमोर गेले. ह्यांनी तो जोडला तेव्हा टीव्हीवर निवेदिका मंडळाचं नावच घेत होती. मी दारातून ओरडले, "इलां!"

पडद्यावर आबा गात होता, शेजारी आबा बसून बघत होता. जनाकाकी भिंतीला धरून उठली. चुलीकडून मूठभर मीठ आणि सुक्या मिरच्या घेऊन आली आणि पडद्यावरच्या आबाची दृष्ट काढू लागली. कोणी हसलं नाही. तेवढ्यात टेकडी उतरून आलेले नाना दारात दिसले, अंगभर नारळाचं पाणी आणि माती. काकीने त्यांना हाताला धरून आत घेतलं आणि तीच मूठ त्यांच्यावरून ओवाळली.

"चित्र ह्येणी हाडलां. नजर ह्येकाव लागतली."

मूठ चुलीत टाकली. मिरच्या तडतडल्या, घर धुराने भरलं. दृष्ट खरंच लागलेली असली की मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं म्हणतात. काकी वळून सगळ्या वाडीकडे बघत म्हणाली, "ठसको इलो कोणाक? बगा, केवढी लागलेली ती!"